कीर्द आणि मोर्तब

कीर्द लिहिणारा मनुष्य आणि निबंध लिहिणारा मनुष्य यांचें आपसांत फारसें पटत नाहीं, असा एक समज आहे. आम्हीहि त्याच समजांत वाढलों. आज काय केलें, याचें उत्तर एका ओळींत लिहून ठेवणें आम्हांस नेहमींच रुक्ष वाटे. परंतु एका वृद्ध बाईंनीं आमचें हें मत पार पालटून टाकिलें. तो प्रसंग वाचकांस सांगितल्यावांचून आम्हांस राहवत नाहीं.

झालें असें, कीं एका जुन्या ग्रंथालयांतील मासिकांची सूची संगणकावर चढविण्याचें काम आम्ही हौसेनें पत्करिलें. जुन्या अंकांवर शक आणि मराठी महिना छापलेला. सूचींत पाहिजे इसवी सन. शकांत ७८ मिळविले कीं सन निघतो, हें शाळेंतलें पोरहि सांगेल. पण माघ-फाल्गुनापर्यंत इंग्रजी वर्ष पालटलेलें असतें, म्हणून तेथें ७९ मिळवावे लागतात. ही खोच आम्ही प्रोग्राममध्यें घातली होती, आणि तिच्यावर पहारा म्हणून एक चाचणीहि लिहून ठेविली होती: शके १८७०, माघ, उत्तर १९४९.

पुढें आमच्या भाच्यानें कृत्रिम बुद्धिमत्तेचा एक सहायक आम्हांस जोडून दिला. आपण सांगावें आणि त्यानें कोड लिहावा! तो भाग जरा सुटसुटीत कर, असें आम्ही त्यास सांगितलें. दहा मिनिटांत काम तयार. "मामा, सगळ्या चाचण्या हिरव्या आहेत," भाचा म्हणाला, "आतां तुम्ही कशाला डोळे शिणवतां?" बदलाच्या नोंदींत सहायकानें दोनच शब्द लिहिले होते: 'किरकोळ सुधारणा'. आम्ही निश्चिंत मनानें बदल स्वीकारला.

महिन्याभरानें ऐंशी ओलांडलेल्या एक बाई ग्रंथालयांत आल्या व सूचींतील एका ओळीवर त्यांनीं बोट ठेविलें. "हा लेख माझ्या वडिलांचा. ते जानेवारी १९४९ मध्यें गेले, आणि लेख पुढच्या महिन्यांत आला. छापलेला पाहणें त्यांच्या नशिबीं नव्हतें, असें आई जन्मभर म्हणत असे. तुमची सूची म्हणते, लेख १९४८ सालचा. मग मीं कोणाचें खरें मानूं?"

घरीं येऊन आम्ही जुना कोड आणि नवा कोड शेजारीं ठेवून पाहिला. सहायकानें माघाची खोच काढून सर्वत्र ७८ केले होते. त्यामुळें चाचणी अडली; तेव्हां त्यानें चाचणींतील १९४९ खोडून तेथें १९४८ लिहिले! पहारेकरीच फितविला, आणि वर 'किरकोळ सुधारणा' अशी नोंद करून तो मोकळा झाला. पण सारा दोष त्याच्या माथीं कसा मारावा? कीर्द कशी लिहावी हें आम्ही त्यास सांगितलें नव्हतें, आणि त्यानें लिहिली ती नीट वाचलीहि नव्हती.

या विद्येंत तपासणीची चाल नवी नाहीं. १९७८ च्या सुमारास बेल प्रयोगशाळेंतील स्टीफन जॉन्सन यांनीं 'लिंट' नांवाचा प्रोग्राम लिहिला. कपड्यास चिकटणाऱ्या धाग्यांच्या भुग्यास इंग्रजींत लिंट म्हणतात. कोडांतला तसला भुगा वेंचून काढणें हें त्याचें काम. धान्य पाखडण्यासारखाच हा प्रकार. परंतु सुपास खडा कळतो, जेवणारा कोण तें कळत नाहीं. बाईंचे वडील केव्हां वारले, हें कोणत्याहि लिंटास ठाऊक असणें शक्य नाहीं. काय बदललें तें कोड सांगतो. कां बदललें तें नोंदच सांगते.

लिनस टोर्वाल्ड्स यांनीं २००५ मध्यें 'गिट' रचलें, आणि अशा नोंदींचें लेखन हा प्रोग्राम लिहिणारांचा नित्यक्रम झाला. पहिली ओळ पन्नास अक्षरांच्या आंत, मग एक ओळ कोरी, त्याखालीं कारण, असा त्यांचा शिरस्ता. मराठींत लिहूं पाहणारास येथें थोडी अडचण पडते. कारण डोळ्यांस 'कीर्द' हीं दोन अक्षरें दिसत असलीं, तरी युनिकोडच्या हिशेबीं तीं पांच भरतात!

लिनक्सच्या मंडळींत तर २००४ पासून प्रत्येक बदलाखालीं जबाबदार माणसाची सही लागते. आमच्याकडील जुन्या कागदांच्या शेवटीं 'मोर्तब सुद' असे, त्याच जातीची ही गोष्ट. यंत्राच्या साहाय्यानें काम केलें असेल तर तसें नमूद करावें. पण सही यंत्रानें करूं नये, ती माणसाचीच पाहिजे, असाहि नियम त्यांनीं आतां घातला आहे. यंत्रास लिहितां येतें. जाब देतां येत नाहीं.

आम्हीहि सहायकासाठीं सूचनांची एक फाईल लिहून कोडाशेजारीं ठेविली आहे. लिंट आणि सर्व चाचण्या चालविल्यावांचून नोंद करूं नये. चाचणी अडल्यास आधीं विचारावें, तिचें उत्तर बदलूं नये. नोंदींत 'सुधारणा' हा शब्द एकटा वापरूं नये. काय आणि कां, दोन्ही लिहावें. मात्र सूचना कितीहि दिल्या तरी तो एखादी विसरतो, म्हणून त्याच तपासण्या त्याचा हात पोंचणार नाहीं अशा ठिकाणीं पुनः चालवितों. आणि शेवटीं प्रत्येक ओळ आम्ही स्वतः वाचतों. डोळे शिणतात खरे. पण भाचा आतां कांहीं बोलत नाहीं.

दुरुस्ती झाल्यावर आम्ही बाईंस बोलावून १९४९ हा आंकडा दाखविला. त्यांनीं तो दोनदां वाचला. मग त्यांनीं विचारलें, "चूक कोणाची झाली होती हो?" आम्ही कीर्द उघडून त्यांच्यापुढें ठेविली. 'किरकोळ सुधारणा' या शब्दांशेजारीं मान्यता देणाराचें नांव होतें. तें आमचें होतें.