रुपेरी खोकड आणि आमची चूक

लेकीच्या दुसऱ्या बाळंतपणासाठी आम्ही दोघं कॅनडाला गेलो होतो. प्रिन्स एडवर्ड बेटावरचं शार्लटटाउन हे गाव. लेक बाळात गुंतलेली, जावई कामावर. त्यामुळे आठ वर्षांचा नातू आमच्याकडेच असायचा.

एका संध्याकाळी तो ओरडला, "नाना, नानी, काळा कुत्रा!" आम्ही खिडकीशी गेलो. कुत्रा नव्हता. काळंभोर अंग, पाठीवर राख भुरभुरावी तसे पांढरे केस, झुपकेदार शेपटी आणि तिचं टोक दुधासारखं पांढरं. जावई म्हणाले, "सिल्व्हर फॉक्स. इथं गावातही फिरतात."

आपल्या कोकणात रात्री कोल्हेकुई ऐकू येते तो कोल्हा वेगळा. हा खोकडाच्या कुळातला. जातीनं लाल खोकडच, फक्त रंग काळा. एकाच आईच्या पोटी लाल आणि काळी पिल्लं होऊ शकतात. एकाच घरात एक भाऊ गोरा, एक सावळा असतो, तसंच.

नातवानं तेव्हापासून एकच धरलं, "आपण पाळू या." मोबाइलवर त्यानं मांडीवर झोपलेले, पोट खाजवून घेणारे खोकड पाहिले होते. "ते लोक पाळतात, मग आपण का नाही?" आम्हाला उत्तर सुचेना. मग आम्ही सोपी वाट काढली. रोज संध्याकाळी मागच्या दारी कोंबडीचे तुकडे ठेवू लागलो. लेकीला सांगितलं नाही. आठवड्याभरात तो प्राणी आमची वाट पाहू लागला. नातू खूश, आणि खरं सांगायचं तर आम्हीही.

शेजारी एक म्हातारे गृहस्थ राहत. त्यांच्या वडिलांची खोकडांची वाडी होती. त्यांनी आम्हाला पाहिलं आणि चहाला बोलावलं. त्यांच्याकडूनच कळलं की या प्राण्याची शेती या बेटावरच सुरू झाली. 1890 च्या दशकात चार्ल्स डाल्टन आणि रॉबर्ट औल्टन यांनी तारेच्या कुंपणात त्यांची पैदास जमवली. युरोपातल्या श्रीमंत बायकांना ही कातडी हवी असे. पुढे पैदाशीच्या एकेका जोडीला हजारो डॉलर मिळू लागले. त्या पैशांतून बांधलेली मोठी घरं समरसाइड गावात आजही उभी आहेत. मग फॅशन बदलली आणि धंदा बसला.

नातवानं मोबाइलवरच्या खोकडांबद्दल विचारलं. ते म्हणाले, "त्यातल्या काहींचं घराणं रशियातलं. पण त्यांचे पूर्वज इथलेच." 1959 साली सायबेरियात नोव्होसिबिर्स्कजवळ दिमित्री बेल्यायेव आणि ल्युडमिला ट्रूट यांनी कातडीच्या फार्मवरचे खोकड घेतले आणि दर पिढीत माणसाला सर्वांत कमी घाबरणाऱ्यांचीच वीण केली. चौथ्या पिढीत काही पिल्लं माणूस दिसताच शेपटी हलवू लागली. पुढे हात चाटू लागली. बेल्यायेव 1985 मध्ये वारले, तरी काम चालू राहिलं.

"म्हणजे पाळता येतो!" नातू म्हणाला.

म्हातारबाबा हसले. "बाळा, त्याला साठ वर्षं लागली. आणि तरी तो कुत्रा झाला नाही. मुताचा वास भिंतीतून जात नाही. गादी उकरतो, उशीखाली मांस लपवतो, रात्रभर जागतो. एका माणसाला लळा लावतो. त्यानं सोडला तर दुसऱ्याकडे रुळणं कठीण." अमेरिकेच्या काही राज्यांत तो पाळता येतो, काहींत मुळीच नाही, हेही त्यांनी सांगितलं. मग आमच्याकडे वळून हळूच म्हणाले, "आणि दारात येणारा तर रानातलाच आहे. तुम्ही त्याची भीती काढून घेताय. तीच त्याला जगवते."

आम्ही खाणं बंद केलं, पण उशीर झाला होता. तो रोज यायचा, दाराकडे बघत बसायचा, मग रस्ता ओलांडून दुसऱ्या दारी जायचा. गाडी आली तरी हलायचा नाही. एका सकाळी तो मागचा पाय ओढत चालताना दिसला. नातू रडला. "नाना, आपल्यामुळे?"

नाही म्हणणं सोपं होतं. आम्ही "हो" म्हणालो. लेकीलाही सगळं सांगितलं.

आम्ही परत निघेपर्यंत तो लंगडत का होईना, हिंडत होता. नातू खिडकीतूनच बघायचा, दार उघडायचा नाही. निघताना त्यानं एक चित्र दिलं: झाडीत काळा खोकड आणि लांबवर आमचं घर, दार बंद. खाली लिहिलं होतं, "दोस्त."

आपल्या घरातली मुलंही असे व्हिडिओ बघतात आणि हट्ट धरतात. आपल्या माळरानावरचं खोकड पकडून पाळणं तर 1972 च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हाच आहे. पण मुलाला कायद्याआधी आमची गोष्ट सांगा. लांबूनही प्रेम करता येतं, हे आम्हाला आठ वर्षांच्या पोराकडून शिकावं लागलं.