बाळंतिणीची खोली

"बाबा, मागची खोली रिकामीच आहे ना? तिथं एक छोटासा बार करावा म्हणतो."

चिरंजीवांनी हे वाक्य सकाळच्या चहाच्या वेळी उच्चारले. वाक्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह नव्हते, हे माझ्या लक्षात आले. पण बोलण्यासारखे मला काही सुचेना. आमच्या पिढीला बार ठाऊक होते ते तीन. लग्नाचा बार उडवतात तो एक, दिवाळीत पहाटे उडतो तो दुसरा, आणि वडीलधारी मंडळी तळहातावर चुना मळून भरत असत तो तिसरा. घरात या तिन्ही बारांना जागा होती. चौथ्याला आता ती मागितली जात होती, आणि तीही साताऱ्यातल्या आमच्या जुन्या घरात, देवघरापासून मोजून 22 पावलांवर.

"बार म्हणजे?" मी उगीचच विचारले.

"म्हणजे एक काउंटर, चार उंच स्टुलं, बाटल्यांचं कपाट. शनिवारी मित्र आले की बसायला."

मी आशेने सौभाग्यवतींकडे पाहिले. त्या शेंगा सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "करू दे. बाहेर कुठं तरी पिऊन रात्री गाडी चालवत येण्यापेक्षा घरात बसलेला बरा." झाले! ज्या न्यायासनाकडून मनाईहुकूम मिळायचा, त्यानेच निकाल विरुद्ध दिला होता.

2020 साली टाळेबंदी लागली तेव्हा चिरंजीव पुण्याहून आठ दिवसांसाठी म्हणून आले, ते परत गेलेच नाहीत. कचेरी आता त्यांच्या मांडीवरच्या यंत्रात मावते. मुलगा जवळ राहिला याचा आनंद एवढा मोठा होता, की त्याच्या मोबदल्यात एक खोली देऊन टाकायला माझी ना नसती. पण नेमकी तीच खोली!

तिला आम्ही अजून 'बाळंतिणीची खोली' म्हणतो. माजघराच्या मागे, न्हाणीला लागून, 12 फूट लांब आणि 9 फूट रुंद. भिंती मातीच्या, दोन हात जाड. उजेडाला एक झरोका, तोही वर, छताखाली. जुन्या घरांत ही खोली अशीच असायची. बाळंतिणीला वारा लागू नये, डोळ्यांवर उजेड येऊ नये, आणि न्हाऊ घालायला न्हाणी जवळ असावी, एवढाच तिच्यामागचा विचार. बाजेखाली शेगडी, शेगडीत ओव्याची धुरी, कोनाड्यात बाळंतशोपांची वाटी. 1954 च्या श्रावणात माझा जन्म याच खोलीत झाला. पुढे बाळंतपणे इस्पितळांत जाऊ लागली आणि खोलीत गौरी-गणपतीचे मखर, फुटके पाट, पितळी घंगाळे आणि जुनी पंचांगे राहायला आली.

ही सारी मंडळी एका रविवारी अंगणात काढली, तेव्हा घर हलवतो आहोत असे वाटून शेजारचे लोक चौकशीला आले. "खोली नीट करतोय," एवढेच मी सांगितले. सत्तरी ओलांडली तरी शेजाऱ्यांपुढे खरे बोलायचे धैर्य येत नाही.

सुतार मिळाला तो माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का, आणि दर आषाढीला पंढरीची पायी वारी. त्याला बोलावणे पाठवले खरे, पण काम काय ते सांगायची मला चोरी. शेवटी आडवळणाने सांगितले. त्याने फूटपट्टी कानामागच्या पेन्सिलीला टेकवली आणि म्हणाला, "तात्या, लाकडाला काय वो कळतंय, त्येच्यावर पोथी ठिवली का बाटली? मी करतो. फकस्त वारीच्या दिसांत हात लावायचो नाय."

त्याने हात लावला आणि मला कळू लागले, की मद्यपान हा एक व्यसनाचा विषय असला, तरी त्याआधी तो भूमितीचा विषय आहे. माणसाला उभ्याने कोपर टेकता यावे म्हणून काउंटर 42 इंच उंच हवा. बसायचे स्टूल 30 इंच. दोहोंमध्ये 12 इंच राहिले तरच मांडी आत जाते. काउंटरच्या पुढे तळाशी पाय ठेवायला दांडी, नाही तर उंचावर लोंबकळणाऱ्या पायांना मुंग्या येतात. आतल्या बाजूला उभे राहणाऱ्याला वावरायला निदान तीन फूट. नऊ फूट रुंदीच्या खोलीत ही वजाबाकी करता करता चिरंजीवांची चार स्टुले तीनवर आली. सौभाग्यवती हे सारे ऐकत होत्या. "उभ्यानं पाणीसुद्धा पिऊ नये म्हणायच्या सासूबाई," त्या म्हणाल्या, "आणि यांना प्यायला तीस इंची पाट लागतोय."

काउंटरच्या माथ्यावर काय घालायचे, यावर तीन दिवस गेले. जुन्या ओट्याची कडाप्पा फरशी परसात पडून होती. ती वापरावी, असे माझ्यातल्या काटकसरी गृहस्थाला वाटले. गवंड्याने ते मोडीत काढले. कडाप्पा म्हणजे चुनखडीचाच दगड; त्यावर लिंबाचा रस सांडला की पांढरा डाग खातो, आणि तो पुसून जात नाही. बारमध्ये लिंबू सांडणारच! मग सुताराची नजर माळ्याखालच्या तुळयांवर गेली. आमच्या घराला पूर्वी माडी होती. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, त्यात तिची एक भिंत कलली आणि पुढे माडी उतरवून घ्यावी लागली. तिच्या सागवानी तुळया तेव्हापासून पडून होत्या. त्या चिरल्या तेव्हा पन्नासांहून अधिक वर्षांची धूळ उडाली आणि आतून मधाच्या रंगाचे लाकूड निघाले. सुतार त्यावरून हात फिरवीत राहिला. मलाही त्या क्षणी बाटल्यांचा विसर पडला.

पाण्याची सोय मात्र आयती झाली. हात धुवायचे आणि पेले विसळायचे छोटे कुंड बसवायचे, तर सांडपाण्याच्या नळाला दर फुटाला पाव इंच उतार लागतो, नाही तर पाणी तुंबते. न्हाणी भिंतीपलीकडेच असल्यामुळे तीन फुटांत काम भागले.

आणि मग बाटल्या आल्या. नाशिकच्या द्राक्षांची वाइन आली, व्हिस्की आली, 2009 साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या काजू फेणीसाठी एक रिकामा खण राखून ठेवला गेला. चिरंजीवांनी मला त्यांची शिस्त समजावून सांगितली. व्हिस्की उभी ठेवायची. तिच्यातल्या तीव्र मद्याने बूच खराब होते. बुचाची वाइन आडवी ठेवायची. बूच ओले राहिले नाही तर आक्रसते, आणि आत हवा शिरते. तिला उजेड नको, हादरे नकोत. आज गरम, उद्या थंड असेही नको.

मला हसू आले. आडवे निजवायचे, उजेड नको, वारा नको, ऊन-गारवा बाधू द्यायचा नाही: ही तर आमच्या आजीच्या तोंडची भाषा! शंभर वर्षांपूर्वी बाळंतिणीसाठी बांधलेली खोली वाइनच्या बाटल्यांना जशीच्या तशी मानवावी, हा योगायोग मला एवढा आवडला, की माझा उरलासुरला विरोध त्यात विरघळून गेला. वैशाखात या भिंतींचा भरवसा पुरणार नाही म्हणून एक शीतकपाट घेतले, त्याचे अर्धे पैसे मी दिले.

कागदपत्रांची बाजूही चोख हवी, असा माझा आग्रह होता. 1949 चा दारूबंदीचा कायदा महाराष्ट्राच्या पुस्तकात अजून आहे. आजही प्यायची तर परवाना लागतो. आपल्याकडे रस्तोरस्ती 'परमिट रूम' अशा पाट्या दिसतात त्या त्याचमुळे. चिरंजीवांनी परवाना काढला आणि मी तो पंचांगांशेजारी जपून ठेवला.

सगळे झाले. सुतार शेवटच्या दिवशी दाराला पॉलिश लावायला बसला आणि त्याने मला हाक मारली.

"तात्या, ही कडी बाहेरनं कशापायी हो? बाळंतिणीला काय कोंडायचं असतंय?"

मी काहीच बोललो नाही. सुतार वाट पाहत थांबला, मग हात पुसून चहा प्यायला गेला.

कडी बाळंतिणीसाठी नव्हती. ती धाकट्या काकांसाठी होती.

धाकटे काका म्हणजे वडिलांचे पाठचे भाऊ. हार्मोनियम वाजवीत, गच्चीवर नेऊन मला आकाशातले व्याध आणि मृग दाखवीत. ते पीत असत. ते दिवस दारूबंदीचे. ज्याच्यापाशी पैसा आणि ओळख होती, त्याला प्रकृतीचे कारण दाखवून, डॉक्टरांच्या शिफारशीने परवाना मिळे. काकांच्यापाशी दोन्ही नव्हते. ते गावाबाहेर जाऊन गूळ-नवसागराची हातभट्टीची घेत आणि रात्री परसदाराने घरात येत. आजी ताट झाकून बसलेली असे. एकदा पोलिसांनी रात्रभर बसवून ठेवले. सकाळी वडील टोपी खाली ओढून त्यांना घेऊन आले. त्या दिवशी लोहार बोलावून त्या खोलीच्या दाराला बाहेरून कडी बसवली. दिवे लागले की काकांनी आत जायचे आणि उजाडल्यावर बाहेर यायचे.

कडी लावायचे काम माझ्याकडे आले. मी नऊ वर्षांचा होतो. "तुझ्यावर तो रागावायचा नाही," आजी म्हणाली. आणि खरेच, ते कधी रागावले नाहीत. आत जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवीत आणि म्हणत, "लाव."

1963 सालच्या त्या हिवाळ्यातली तिसरी की चौथी रात्र असेल. मी माजघरात निजलो होतो. आतून दारावर हलकेच बोटे वाजली. "बाळ, कडी काढ. पाणी संपलंय. घोटभर पाणी दे." आवाज कापत होता. मग ते म्हणाले, की भिंतीवरून मुंग्या येताहेत, खूप मुंग्या. मी उठून दारापाशी गेलो. कडीला हातही लावला. पण वडिलांनी बजावले होते: तो काहीही सांगेल, नाना निमित्तं काढील, उघडायचं नाही. मी आज्ञाधारक मुलगा होतो. पांघरूण डोक्यावरून घेऊन निजलो. बोटे बराच वेळ वाजत होती.

सकाळी मी कडी काढली. काका भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि हसले. त्याच दिवशी दुपारी ते मुंबईला निघून गेले. दोन पत्रे आली. 1966 साली ते गेल्याची तार आली.

आज मला ठाऊक आहे, की वर्षानुवर्षे पिणाऱ्याची दारू एकाएकी तोडली, तर त्याचे हात कापतात, त्याला नसलेल्या मुंग्या दिसतात, आणि कधी कधी त्यात जीवही जातो. तो आजार असतो, त्याला औषध असते. पुण्यात 1986 साली डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी 'मुक्तांगण' सुरू केले. काकांना 23 वर्षे उशीर झाला. वडिलांना मी दोष देत नाही. त्यांना जे सुचले ते त्यांनी केले. आणि पाणी त्यांनी नाकारले नव्हते. ते मी नाकारले होते.

त्याच खोलीत आता माझा मुलगा सागवानी काउंटर बांधतो आणि मी शीतकपाटाला पैसे देतो. काकांना ज्यासाठी कोंडले, त्यावर याच्या खोलीत मंद दिवे लावले जातात. फरक कशाचा? काळाचा? पैशाचा? की केवळ याच्याजवळ परवाना आहे याचा? मी पुष्कळ विचार केला. उत्तर सापडले असे म्हणवत नाही. एवढे मात्र वाटले, की चोरून पिणाऱ्याला घर गमवावे लागते, आणि दाराआड काय चालले आहे हे घराला कळत नाही.

सुतार चहा पिऊन परत आला तेव्हा मी त्याच्याकडून पेचकस घेतला. चार खिळे लोहाराने ठोकलेले, गंजलेले. पेचकसाचे ते काम नव्हते. शेवटी त्यानेच पटाशी घातली. कडी निघाली. "आतनं तरी लावू का एखादी?" त्याने विचारले. मी म्हटले, "नको. या खोलीला कडीच नको."

खोलीचे उद्घाटन कोजागरीला झाले. सौभाग्यवतींचा हट्ट होता, की नव्या पेल्यांत पहिल्यांदा मसाल्याचे दूधच पडेल. चिरंजीवांचे मित्र तीस इंची पाटांवर बसून निमूट दूध प्यायले. ते गेल्यावर मुलाने मला विचारले, "बाबा, सुतार म्हणत होता, तुम्ही कडी काढायला लावलीत. जुनी होती, छान दिसली असती."

मग मी त्याला सांगितले. बासष्ट वर्षांत कुणाला सांगितले नव्हते ते सांगितले. तो काउंटरच्या आत उभा होता, मी बाहेर. ऐकून तो काही बोलला नाही. थोड्या वेळाने एवढेच विचारले, "तुम्ही नऊ वर्षांचे होतात ना?"

मी मान हलवली.

"एकट्यानं मी इथं बसणार नाही," तो म्हणाला. मी हे मागितले नव्हते. मागायचे मनात मात्र होते.

त्या काउंटरवर आता आजीचा तांब्या असतो. बाटल्या किती भरल्या, किती रिकाम्या झाल्या, ते मी पाहत नाही. तांब्या मात्र रोज दिवेलागणीला मीच भरून ठेवतो.