हैदराबादचं आंबट

काचीगुडा, हैदराबाद
चैत्र वद्य सप्तमी

ती. अक्कास, शि. सा. नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. "तुझी बाई मजा आहे, रोज हॉटेलात जेवायचं आणि वर त्याचेच पैसे घ्यायचे," हे मी जेवताना मोठ्यानं वाचून दाखवलं. घरात जो हशा पिकला, तो नांदेडपर्यंत कसा ऐकू आला नाही कोण जाणे. अगं, या आठवड्यात आमच्याकडे बघारे बैंगन चालू आहेत. 'चालू आहेत' म्हणजे रोज. काल यांनी कढईवरचं झाकण उचललं, पुन्हा ठेवलं आणि मुकाट्यानं दहीभात मागितला.

मासिकात माझ्या कृतीचं पाऊण पान छापून येतं, पण त्यासाठी एकच पदार्थ पुन्हापुन्हा करावा लागतो. आपल्याकडे सगळ्या बायका 'लिंबाएवढी चिंच' म्हणतात. कुठल्या लिंबाएवढी? बाजारात बोराएवढी लिंबंही मिळतात. कमलाबाई ओगल्यांनी १९७० साली 'रुचिरा'त वाटी-चमच्याची मापं दिली, म्हणून तर कित्येक जणींचे संसार निभावले. पण चिंच वाटीत मावेल, ऐकणार नाही. नवी चिंच वेगळी, वर्षभर बरणीत काळी पडलेली वेगळी. म्हणून मिक्सरशेजारी वजनकाटा ठेवलाय, आणि तरीही कोळ आधी जिभेवर ठेवून बघते.

चिंचेचंच एवढं लावलंय, कारण हे शहर आंबटावर चालतं. बाहेरच्यांना बिर्याणी आणि हलीम ठाऊक. इथल्या हलीमला २०१० साली भौगोलिक मानांकनही मिळालं. पण हलीम घरी करणारे थोडेच. गहू आणि मटण तासन्‌तास घोटत बसायला माणसं लागतात, ताकद लागते. रमजानात ते भट्टीवरून डबा भरून आणायचं. रोजच्या ताटात असते ती खट्टी दाल. तूरडाळ हळद, आलं, लसूण घालून मेणासारखी शिजवायची, घोटायची, मग चिंचेचा कोळ, आणि वरून जिरं, लसूण, कढीपत्ता, सुक्या लाल मिरच्यांचा बघार. कोळ डाळ शिजल्यावरच घालायचा. आंबट आधी पडलं की डाळीचे दाणे आखडतात, मग कुकरच्या कितीही शिट्ट्या घे. हे 'का' लिहिलं नाही, तर कृती लिहिण्यात काय अर्थ? संपादकांना मात्र ते पाल्हाळ वाटतं. प्रत्येक अंकाला विचारतात, "बिर्याणी कधी देताय?"

सध्या चिगूर आलाय. चिंचेची कोवळी, तांबूस पालवी. मीर आलम मंडीत बायका फडक्यावर छोटे ढीग मांडून बसतात. भाव ऐकून तू परत फिरशील, पण झाडावर चढून ती खुडायची म्हणजे काही कमी काम नाही. परवा घेऊन आले नि विळी काढली, तर खालच्या मजल्यावरच्या खालाजान दारातूनच ओरडल्या, "उसको छुरी नक्को लगाओ बेटा, हाथों से मलो!" आणि स्वतःच फतकल मारून बसल्या. मूठभर पाला दोन तळव्यांत घ्यायचा नि चोळायचा. पानं चुरून खाली परातीत पडतात, देठ आणि काड्या हातात राहतात. त्या वेचून टाकायच्या. खालाजानचे तळहात हिरवे झाले, घरभर आंबूस वास सुटला. चिगूर गोश्तला हा चुरा सगळ्यात शेवटी, मटण बोटानं तुटायला लागल्यावर. मी काटा पुढे केला. त्यांनी त्याच्याकडे असं बघितलं, की मी तो परत ठेवून दिला आणि त्या गेल्यावर उरलेल्या पाल्यावरून हिशोब केला.

बघाऱ्या बैंगनांचं खरं कारण तू आहेस. भाजलेले शेंगदाणे, तीळ, सुकं खोबरं, चिंच: तुझ्या भरल्या वांग्यांत यातलं काय नसतं? तू काळा मसाला आणि चिमूटभर गूळ घालतेस, भाकरीशी खातेस. इथे वांगी आधी तेलात परततात, वाटण पातळ ठेवतात आणि तेल वर येईपर्यंत मंद आचेवर सोडतात. बाकी गोत्र एकच. आणि का नसावं? १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नांदेड-परभणी हैदराबाद राज्यातच तर होती. आजोबा कोर्टाच्या कामाला मीटरगेजनं इथे यायचे, कागदपत्रं उर्दूत, जेवण ओळखीच्यांकडे. नकाशावर रेघ ओढली म्हणून वांग्यातले तीळ कुठे जाणार होते? अंबाडीही तशीच. तू ती ज्वारीच्या कण्या घालून हाटतेस, वर लसणाचं तेल. इथे तोच पाला गोश्तात जातो, आणि तेलुगू घरांत त्याचं लोणचं होतं. बिर्याणीवर लिहिणारे ढीगभर आहेत. या नात्यावर मराठीत कुणी धड लिहिलेलं नाही, असं मला वाटतं. मला ते लिहायचंय. संपादक रुसले तरी.

तीळ मात्र वेगळे भाजायचे हं. शेंगदाण्यांबरोबर टाकलेस तर दाणे कच्चे असतानाच तीळ करपतात आणि सगळं वाटण कडू.

भाऊजी पुढच्या आठवड्यात येणार आहेत ना? परत जाताना देवगिरी एक्सप्रेसनं त्यांच्याबरोबर सावलीत वाळवलेला चिगूर पाठवते. वरणात घालून बघ. येताना त्यांच्याकडे येसर दे, आणि आईची अंबाडी मोजून-मापून लिहून दे: पाला किती, कण्या किती, पाणी किती. 'अंदाजानं' असं लिहिलंस तर कागद त्यांच्याच हाती परत येईल.

तुझी,
धाकटी