गोलात उभा राहणारा

आमच्या धाकट्याला फुटबॉलचं भारी वेड. कोल्हापुरात शिकायला राहतो आणि तिथल्या एका तालमीच्या संघात गोलकीपर म्हणून खेळतो. गेल्या महिन्यात शनिवारी अवचित घरी आला. पिशवी सोप्यात टाकली आणि न जेवताच गोठ्यात जाऊन बसला. घरच्यांनी खुणावलं, तसा मी मागोमाग गेलो.

म्हशीच्या पाठीवर हात फिरवत म्हणाला, "आबा, मी खेळ सोडला. हातातनं एक चेंडू निसटला नि सामना गेला. आता म्हणतात, यंदा बाहेर बस, पोरांच्या पायाला पट्ट्या बांध. मी काय गडी आहे त्यांचा?"

"बरं झालं, उसाला पाणी धर," हे शब्द माझ्या ओठावर आले होते. मी ते गिळले. थोरली लेक माहेरी आली होती. जेवणं झाल्यावर तिनं भावाला जवळ बसवलं आणि एका इंग्रज गोलकीपरची हकिकत सांगितली.

नायजेल अ‍ॅडकिन्स त्याचं नाव. १९६५ साली बर्कनहेडला जन्मला. तिथल्याच ट्रॅनमियर रोव्हर्सकडून आणि पुढे विगन अ‍ॅथलेटिककडून तो खेळला. दोन्ही संघ तेव्हा खालच्या श्रेणीतले. मग वेल्समधल्या बँगर सिटीत खेळाडू आणि व्यवस्थापक अशी दोन्ही कामं केली आणि १९९४ व १९९५ साली तिथली लीग जिंकून दिली. यानंतर एखाद्या मोठ्या संघाची सूत्रं त्याच्याकडे आली असतील म्हणाल, तर तसं झालं नाही. तो फिजिओथेरपी शिकला आणि स्कनथॉर्प या पोलादाच्या गावी संघाचा फिजिओ झाला. कुणाचा गुडघा सुजला, कुणाची शीर चढली, की हा हजर. अशी सुमारे दहा वर्षं गेली.

२००६ च्या अखेरीस तिथला व्यवस्थापक दुसरीकडे गेला आणि जागा या फिजिओला मिळाली. त्याच हंगामात संघ तिसऱ्या श्रेणीत पहिला येऊन वर चढला. २००८ साली खाली घसरला, २००९ साली वेम्बलीच्या मैदानावर जिंकून पुन्हा वर आला. २०१० साली साउथॅम्प्टननं त्याला बोलावलं. तिसऱ्या श्रेणीत पडलेला तो संघ २०११ आणि २०१२ अशा लागोपाठ दोन पायऱ्या चढून अव्वल श्रेणीत पोचला. आणि जानेवारी २०१३ मध्ये त्यालाच नारळ मिळाला! तरी गडी खचला नाही. दुसरे संघ सांभाळत राहिला आणि २०२३ साली आपल्या पहिल्या ट्रॅनमियरलाच व्यवस्थापक होऊन परतला.

लेक एवढं सांगून उठली. उपदेश काही केला नाही. मी मात्र रात्रभर विचार करत होतो. गोलकीपर सगळ्यांच्या मागं उभा, म्हणून सगळं मैदान त्याला दिसतं. आणि बैलाचे पाय चोळणाऱ्यालाच त्याचं दुखणं आधी कळतं. दहा वर्षं ज्यानं पोरांचे पाय हातात धरले, त्याला त्यांची मनं कळली नसतील काय?

सोमवारी पहाटे पोरगा आपणहून पहिल्या एसटीला निघाला. पिशवी उचलून दिली तेव्हा पाहिलं, तर त्याच्या आईनं माझ्या जुन्या धोतराच्या पट्ट्या फाडून, नीट गुंडाळून आत ठेवल्या होत्या. मी धोतराबद्दल काही बोललो नाही.