बोरगावचा धागा

सावनेर मागे टाकून सौंसरकडे निघाले, की संत्र्यांच्या बागा व कपाशीची शेते यांच्या सोबतीने बोरगाव लागते. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले व हा मुलूख मध्य प्रदेशात राहिला. २०२३ मध्ये तो पांढुर्णा जिल्ह्यात आला. घरची बोली मात्र मराठीच राहिली, आणि पोटाची वाट नागपूरची.

तेथे १८७७ साली जमशेदजी टाटांनी सुरू केलेल्या एम्प्रेस मिलने खेड्यांतून आलेल्या कित्येक हातांना साचा चालविण्यास शिकविले. ती २००२ मध्ये बंद पडली. तत्पूर्वीच, १९९१ मध्ये, रेमंडचा लोकरी कापडाचा कारखाना बोरगावी उभा राहिला होता. कपाशी वेचणाऱ्या घरातील मुले परदेशी मेंढीची लोकर विंचरू, कातू, विणू लागली.

आज व्हिएतनामचे तरुण कर्ज काढून, घरदार सोडून जपानला कसब शिकावयास जातात. बोरगावी तेच कसब घरची भाकर बांधून नेऊन शिकता येते, हे भाग्य लहान नव्हे. परंतु एका कारखान्यात सारा तालुका मावत नाही. उरलेल्यांना आजही गाव सोडावेच लागते. त्यांची शिदोरी एकच: हातातली विद्या. गिरणी बंद पडते, सीमा सरकते. तुटलेला धागा सांधण्याची बोटांची जाण मात्र माणसासोबत चालते.