परतीचा वळसा (दैनंदिनी : भाग तिसरा)

शुक्रवार, २७ सप्टेंबर २०२४. गॅटलिनबर्ग, टेनेसी

रात्रभर छपरावर पाऊस कोसळत होता. हेलीन चक्रीवादळ काल रात्री अकराच्या सुमारास फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर आदळलं, चौथ्या श्रेणीचं. किनारा इथून चारशे मैलांच्या आसपास. आम्ही गृहीत धरलं होतं की डोंगरापर्यंत येता येता त्याचा दम संपेल. वाऱ्याचा संपलाही, पाण्याचा नाही. वादळ यायच्या आधीच दोन दिवस पडलेल्या पावसाने डोंगर चिंब झाले होते. वरून आलेलं सगळं पाणी थेट नद्यांत उतरलं.

दुपारनंतर पाऊस ओसरला. नवरा म्हणाला, ‘‘चला, सकाळी निघू.’’ तेवढ्यात लेकीने फोन पुढे केला. आय-४० हमरस्ता पिजन नदीच्या घळीत खचलाय. पूर्वेकडे जाणाऱ्या लेनच्या खालची जमीन नदीने ओढून नेलीय आणि डांबर कडेला तुटून लोंबतंय. सोमवारी आम्ही याच घळीतून इकडे आलो होतो. आमचं कॅरीचं घर पलीकडे, अ‍ॅशव्हिलच्याही पुढे अडीचशे मैलांवर.

रात्री आणखी एक धसका. पिजन नदीवरचं वॉल्टर्स धरण फुटल्याची बातमी आली आणि खालच्या न्यूपोर्ट गावातल्या लोकांना घरं सोडायला सांगितलं. पुढे कळलं, धरण शाबूत आहे. पण मधल्या वेळात अंधारात, हाताला येईल ते घेऊन निघालेल्या लोकांचं काय झालं असेल, हे डोक्यातून जात नव्हतं.

शनिवार, २८ सप्टेंबर

मुक्काम वाढवला. नॉर्थ कॅरोलायनाच्या परिवहन खात्याने सांगून टाकलंय : राज्याच्या पश्चिम भागातले सगळे रस्ते बंद आहेत असंच समजा. तरी फोनवरचा नकाशा डोंगरातल्या एका बारक्या रस्त्याने आम्हाला घरी न्यायला तयार! रस्ता मोकळा, गर्दी नाही. जिथले फोनच बंद पडलेत तिथून नकाशाला गर्दी कळणार कशी? यावर आमच्यात बराच वाद झाला. शेवटी दुकानातून कागदी नकाशा आणला आणि बोटाने रेघ ओढली : आय-८१ ने ईशान्येला व्हर्जिनियात, तिथून आय-७७ ने खाली, मग विन्स्टन-सेलमवरून कॅरी. नकाशावर फरक पन्नासएक मैलांचाच.

अ‍ॅशव्हिलमधल्या मैत्रिणीला सतरा वेळा फोन लावला. लागला नाही.

रविवार, २९ सप्टेंबर. टेनेसी ते कॅरी

सहाला निघालो. आय-८१ वर ट्रकच्या मागे ट्रक. पलीकडचा आय-२६ पण बंद आहे, अर्विनजवळ नोलिचकी नदीने त्याचे पूल नेलेत. याच अर्विनमध्ये शुक्रवारी पुराने वेढलेल्या रुग्णालयाच्या छपरावरून पन्नासहून जास्त लोकांना हेलिकॉप्टरने उचललं. समोरून वीज दुरुस्तीच्या गाड्यांचे ताफे येत होते, शिडीवाले ट्रक एकामागून एक. लेकीने चाळीसपर्यंत मोजले आणि सोडून दिलं.

व्हर्जिनियात शिरल्यावर पेट्रोलसाठी थांबलो. पंपावर खोक्याचा पुठ्ठा बांधलेला, ‘फक्त रोख’. रांगेत पुढे एक मध्यमवयीन बाई, ट्रकमध्ये पेट्रोलचे लाल डबे आणि पाण्याच्या बाटल्या. हातातला फोन ती दर मिनिटाला कानाला लावायची, ऐकायची, खाली ठेवायची. तिची आई अ‍ॅशव्हिलजवळच्या स्वॅननोआत एकटी राहते. शुक्रवार सकाळपासून आवाज नाही. ‘‘रस्ता संपेल तिथपर्यंत जाईन, पुढे चालत,’’ ती म्हणाली.

आमच्यासोबत गाडीत असलेल्या माझ्या सासूबाई कोकणातल्या दिवेआगरच्या. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ त्यांच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा आम्हीही इथून असाच फोन लावत बसलो होतो. त्यांना इंग्रजी फारसं येत नाही. त्या गाडीतून उतरल्या, डब्यातल्या चार दशम्या आणि चटणी कागदात गुंडाळून तिच्या हातात दिली आणि हात तसाच धरून ठेवला. पुन्हा गाडीत बसल्यावर म्हणाल्या, ‘‘अगं, वादळ चार तासांत गेलं होतं. माणसांची खबर लागायला दिवस गेले. सुपारी आडवी झाली त्याचं मग काहीच वाटलं नाही.’’ पुढे बराच वेळ कुणी बोललं नाही.

आय-७७ वर न्यू नदीचा पूल लागला. पाणी गढूळ, काठची झाडं वाकून एकाच दिशेला झोपलेली. फॅन्सी गॅपचा घाट उतरलो आणि एकदम रस्ते कोरडे, दुकानांत दिवे, मुलं फुटबॉल खेळतायत. साडेपाच तासांचा रस्ता, आम्हाला अकरा तास लागले.

सोमवार, ३० सप्टेंबर. कॅरी

घरी नळाला पाणी आहे, हे आज सकाळी हात धुताना जाणवलं. अ‍ॅशव्हिलमध्ये पाण्याच्या मुख्य वाहिन्याच वाहून गेल्यात.

दुपारी मैत्रिणीचा निरोप आला : सुखरूप आहोत, प्यायला पाणी नाही. स्वॅननोआला निघालेल्या त्या बाईचं नाव विचारायचं राहून गेलं.

इकडच्या वाचकांना कळकळीची विनंती. गुरुवारी घट बसतील, वर्गणी गोळा होईल. त्यातले पैसे तिकडे काम करणाऱ्या संस्थांना पाठवा. पाणी, लहान मुलांचे डायपर, बॅटऱ्या तुमच्या गावातल्या संकलन केंद्रावर द्या. पण गाडी भरून स्वतः निघू नका. जे थोडे रस्ते उरलेत, ते रुग्णवाहिकांना आणि त्या शिडीवाल्या ट्रकना लागणार आहेत.