बेअरिंग बदलतंय का?

जहाजावर अधिकारी व्हायला काय लागतं, असं बोर्ली पंचतनच्या बाजारात कुणाला विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, शाबूत डोळे आणि घरात चार पैसे. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. रंग ओळखण्यात दोष निघाला तर डेकवरची वाट तिथेच बंद होते, कारण समोरचं जहाज कुठल्या अंगाने चाललंय हे रात्रीच्या अंधारात पहिल्यांदा त्याचे लाल-हिरवे दिवेच सांगतात. पण मास्टरच्या सर्टिफिकेटवर इतकी वर्षं जहाजं चालवल्यावर, आणि आता मुलांची ओरलची, म्हणजे तोंडी परीक्षेची, तयारी करून घेताना, माझं मत पक्कं झालंय. या धंद्यात शिकवायची मूळ गोष्ट एकच, ती म्हणजे बघायला शिकवणं. बाकीचं पुस्तकात मिळतं.

समजा, रात्रीची दोनची वेळ आहे. उजव्या हाताला दोन पांढरे दिवे दिसतात आणि त्यांच्या खाली एक लाल. म्हणजे ते जहाज आपल्याला त्याची डावी बाजू दाखवतंय, आपली वाट आडवी कापतंय. कंपासवर त्याचं बेअरिंग, म्हणजे दिशा, घ्यायचं: 045. तीन मिनिटांनी पुन्हा घ्यायचं: 045. आणखी तीन मिनिटांनी, पुन्हा तेच. अंतर कमी होतंय आणि बेअरिंग मात्र जागचं हलत नाही. याचा अर्थ, दोघांनी काहीच केलं नाही तर दोघं एकाच वेळी एकाच ठिकाणी पोहोचणार. 1972च्या टक्कर प्रतिबंधक नियमांतला सातवा नियम तो हाच. दुसरं जहाज ज्याच्या उजव्या हाताला, त्याने वाट सोडायची, हा पंधरावा. आणि सोडायची ती वेळेवर, समोरच्याला लगेच कळेल एवढं वळून, हा आठवा. पाच-पाच अंशांनी चोरून वळणाऱ्या मुलाला मी तिथल्या तिथे थांबवतो. समोरच्या जहाजाच्या ब्रिजवर उभ्या माणसाला ते वळण दिसतच नाही, आणि न दिसलेल्या वळणाचा समुद्रात काही उपयोग नसतो.

हे सगळं आमच्या किनाऱ्यावरच्या भरडखोलला मासेमारी बोट चालवणाऱ्या तांडेलाला ठाऊक असतं. सुकाणूपाशी बसल्या बसल्या तो समोरची बोट आपल्या डोलकाठीच्या रेषेत धरतो आणि थोडा वेळ नुसता बघत राहतो. बोट काठीच्या पुढे किंवा मागे सरकली तर ती आपली निघून जाणार. काठीला चिकटून मोठी होत राहिली तर तो म्हणतो, "ही अंगावर येतेय," आणि सुकाणू वळवतो. त्याच्याकडे कंपास असतो, पण या कामासाठी त्याला कंपासाकडे बघावं लागत नाही.

त्याचा नातू किंवा पुतण्या माझ्यासमोर ओरलच्या तयारीला बसतो. मी टेबलावर छोटी मॉडेल जहाजं मांडतो, परीक्षक मांडतात तशीच, आणि एक हळूहळू सरकवत नेतो. पोरगा बघताक्षणी म्हणतो, "सर, हे अंगावर येतंय." अगदी बरोबर. आता हेच इंग्रजीत, नियमाच्या क्रमांकासकट सांग म्हटलं की त्याची जीभ टाळ्याला चिकटते. शेजारी बसलेल्या शहरी मुलाला नियम शब्दन् शब्द पाठ असतो, पण मॉडेल कुठे पोहोचलंय याकडे त्याचं लक्ष नसतं. या दोघांपैकी कुणाला शिकवणं सोपं, असं मला विचाराल तर मी पहिल्याचंच नाव घेईन. भाषा वर्षभरात बसते. नजर बसायला फार काळ लागतो, आणि ती पुस्तकातून येत नाही.

म्हणून मी आधी मराठीत बोलू देतो. काय दिसतंय, त्याचा अर्थ काय, तू काय करणार, आणि केल्यावर त्याचा परिणाम झाला की नाही हे कशावरून ओळखणार. हे नीट सांगता आलं की मग इंग्रजी. ते टाळून चालत नाही. एसटीसीडब्ल्यू या खलाशांच्या प्रशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार वॉच सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याला इंग्रजी यावंच लागतं. एकाच ब्रिजवर फिलिपिनो, युक्रेनियन आणि आपला कोकणी माणूस उभा असतो आणि व्हीएचएफ रेडिओवर कोणत्याही बंदराची हाक येऊ शकते. पण विचार मराठीत पक्का झालेला असला की इंग्रजी त्यावर बसतं. विचारच नसेल तर नुसते शब्द उरतात, आणि परीक्षा घेणाऱ्या मुरलेल्या सर्व्हेअरला ते दोन प्रश्नांत कळतं.

भरतीचंही असंच. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते, हे आमच्याकडच्या पोरांना आजोबांनी शिकवलेलं असतं. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. मी त्यांना टाइड टेबल उघडायला लावतो. वेळ जवळपास जुळते आणि पोरांचे चेहरे खुलतात. मग मी पाण्याची उंची विचारतो. तिथीचा हिशेब वेळ सांगतो. आज पाणी किती मीटर चढेल, उधाण किती आणि भांग किती, हे तो मीटरमध्ये सांगत नाही. राजपुरीच्या खाडीतून दिघीला जहाज आत घ्यायचं असेल तर जहाजाचा तळ आणि चिखल यांच्यामध्ये किती पाणी राहील, हा सगळा प्रश्न उंचीचा असतो. आजोबांचं गणित आणि सरकारी टेबल अशी शेजारी ठेवली की पोराला कळतं, घरात शिकलेलं खोटं नव्हतं, ते पुढे न्यायचं राहिलं होतं.

ते पुढे का नेलं गेलं नाही, याला इतिहास आहे. कोकणपट्टीची माणसं पिढ्यान् पिढ्या परदेशी कंपन्यांच्या जहाजांवर चढली, पण खलाशी, तांडेल, सारंग म्हणून. ब्रिजवर गोरा साहेब. 5 एप्रिल 1919 रोजी वालचंद हिराचंद आणि नरोत्तम मोरारजी यांच्या सिंधिया कंपनीची 'लॉयल्टी' मुंबईहून लंडनला निघाली, त्याच दिवसाची आठवण म्हणून आपण राष्ट्रीय सागरी दिन पाळतो. पण भारतीय मुलांना अधिकारी म्हणून घडवणारं 'डफरिन' हे प्रशिक्षण जहाज मुंबईत सुरू झालं ते 1927 साली. 1972 मध्ये त्याची जागा 'राजेंद्र'ने घेतली आणि 1993 पासून नेरूळजवळ करावे इथे 'चाणक्य' आहे. मधल्या काळात घरातला सारंग निवृत्त होऊन बोर्लीला आला, त्याने घर बांधलं, मुलाला दुबईला धाडलं. मुलाला ब्रिजवर पाठवायची वाट काय असते, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

आजची वाट अशी आहे. एक वर्षाचा डिप्लोमा इन नॉटिकल सायन्स, मग कॅडेट म्हणून दीड वर्ष समुद्रावर, मग सेकंड मेटची लेखी आणि ओरल. पुढे चीफ मेट, आणि त्यानंतर मास्टर. खलाशी म्हणून चढलेल्यालाही अधिकारी होता येतं, पण त्याला 36 महिन्यांचा सी-टाइम लागतो आणि त्या काळात अभ्यास सुटू द्यायचा नसतो. नोकरी लावून देतो म्हणून कुणी पैसे मागितले तर तो माणूस चोर आहे, एवढं प्रत्येक आईबापाने लक्षात ठेवावं. परवानाधारक कंपनीला नोकरीसाठी खलाशाकडून पैसे घेता येत नाहीत, आणि परवाना आहे की नाही हे डीजी शिपिंगच्या वेबसाइटवर तपासता येतं. माझ्या ओळखीच्या एका घराने बागायत गहाण ठेवून दलालाला पैसे दिले. पोराला इराणच्या एका गंजक्या जहाजावर नेऊन टाकलं, आणि तिथे काढलेला सी-टाइमही पुढे मान्य झाला नाही. तो पोरगा हुशार होता. त्याची उमेदीची वर्षं गेली याचा राग माझ्या मनातून जात नाही.

परीक्षेबद्दल माझी एक तक्रार आहे. आमची ओरल टेबलावर होते. ब्रिटनच्या रॉयल यॉटिंग असोसिएशनची यॉटमास्टर ऑफशोअर परीक्षा बोटीवर होते. परीक्षक बोटीवर चढतो आणि एकट्या उमेदवाराला आठ ते बारा तास राबवतो. रात्री अनोळखी खाडीत शिरायला लावतो, माणूस पाण्यात पडला असं समजून बोट फिरवायला लावतो. त्याआधी 50 दिवस आणि 2,500 सागरी मैल पदरी असावे लागतात. ती बोट लहान आणि आमची जहाजं प्रचंड, हे मान्य. मोठं जहाज परीक्षेसाठी कोण देणार? सिम्युलेटर काही अंशी ती उणीव भरून काढतो. तरीही हात काय करतात हे बघणारी परीक्षा मला अधिक खरी वाटते. आपल्या दिलीप दोंदे यांनी 2009-10 मध्ये गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई' या शिडाच्या नौकेवरून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, तेव्हा नजर ठेवणारा, सुकाणू धरणारा आणि निर्णय घेणारा माणूस एकच होता. त्यांची गोष्ट मी मुलांना आवर्जून सांगतो.

आपल्या किनाऱ्यावर खरी कसोटी लागते ती मासेमारीच्या मोसमात. ब्रिजवरून रडारवर ठिपक्यांचा सडा दिसतो. नियमाप्रमाणे जाळं टाकलेल्या बोटीने वर लाल आणि खाली पांढरा दिवा लावायचा, ट्रॉलरने वर हिरवा आणि खाली पांढरा. प्रत्यक्षात बऱ्याच बोटींवर एकच डोळे दिपवणारा पांढरा एलईडी असतो. मग एक बोट अचानक वळून सरळ जहाजाच्या नाळेकडे धावते. नवा अधिकारी चिडतो, याला मरायचंय का म्हणून. भरडखोलच्या पोराला कळतं की बोटवाला आपलं जाळं वाचवतोय, आणि तो ज्या बाजूला धावतोय त्याच बाजूला जाळं आहे. पोरगा जहाज उलट अंगाला वळवतो. असा अधिकारी ब्रिजवर असेल तर जाळं वाचतं, आणि जाळ्यासोबत एका घराचा सगळा मोसम.

मासेमारी बोटींच्या स्किपरसाठीही सर्टिफिकेट आहे. पण त्याचं शिक्षण घ्यायचं तर आमच्या पोराला सिफनेट या केंद्राच्या मासेमारी प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे कोची, चेन्नई किंवा विशाखापट्टणमला जावं लागतं, आणि बहुतेक घरांतून तेवढ्या लांब कुणी जात नाही. जीवना बंदर, भरडखोल, दिघी, यांपैकी एका ठिकाणी पावसाळ्यात, बोटी शाकारलेल्या असतात तेव्हा, वर्ग भरवता येईल. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, माणसं घरी असतात. दोन कंपास, काही मॉडेल जहाजं, एक व्हीएचएफ संच आणि या किनाऱ्याचा नकाशा, एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. शिकवायला मी तयार आहे, आणि माझ्यासारखे निवृत्त कप्तान याच तालुक्यात आणखी आहेत. जागा आणि परवानगी मिळाली तर येत्या जूनमध्येच पहिला वर्ग बसवता येईल, आणि पहिल्या बाकावर तांडेलांना बसवून समोरच्यावर नजर कशी ठेवायची ते आधी त्यांच्याकडूनच मुलांना ऐकवायचं.